ओपनस्ट्रीटमॅपवरच्या ॲपला पैसा कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तिघा मित्रांनी ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशाचा, डेटा घेऊन कोल्हापूर जिल्ह्यापुरतं ॲप केलंय. पावसाळ्यात कुठला रस्ता आणि कुठला बंधारा पाण्याखाली आहे ते त्यात कळतं, केएमटीचे, म्हणजे शहर बससेवेचे, थांबे दिसतात आणि पन्हाळा ते पावनखिंड, मसाई पठार, दाजीपूर या बाजूच्या पायवाटा आहेत. लोक वापरतात, कौतुक करतात, पण पैसे कुणी देत नाही, आणि सर्व्हरचं बिल तुमच्या पगारातून जातं. जाहिराती लावाव्यात, वर्गणी मागावी, सरकारकडे जावं, की पुण्याचे एक गुंतवणूकदार बोलावतायत त्यांना भेटावं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं याच कामात आहे. कारखान्यांच्या ऊसनोंदीचे नकाशे, गाड्यांचे मार्ग, ग्रामपंचायतींच्या मिळकती, असं सगळं केलंय आणि त्यातलं बरंच ओपनस्ट्रीटमॅपवर उभं आहे. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. सामान्य माणूस रोजच्या नकाशासाठी पैसे देत नाही आणि देणारही नाही. त्याच्या फोनमध्ये गूगल मॅप आधीपासून आहे, तेही फुकट. माणूस पैसे देतो ते अडलेलं काम सुटावं म्हणून. तुमच्या ॲपमधलं जे काम गूगल करत नाही ते पुराचं आहे, आणि पुरात ज्याचं रोजचं काम अडतं तो ग्राहक बहुतेक वेळा एखादी संस्था असते. तेव्हा आधी खर्च एवढा खाली आणा की पैशाची घाईच उरणार नाही. मग त्या संस्थांकडून पैसे घ्या आणि गावातल्या माणसाला पुराची माहिती फुकटच राहू द्या.

हे मी अंदाजाने सांगत नाही. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालं. तेव्हापासून त्यावर लोकांसाठी सेवा उभी करणाऱ्यांचं काय झालं ते बघा. मॅपक्वेस्टने २०१० पासून या डेटाच्या टाइल्स, म्हणजे स्क्रीनवर जोडून दिसणारे नकाशाचे तुकडे, सगळ्यांना फुकट दिल्या आणि २०१६ च्या जुलैमध्ये बंद केल्या. ज्यांची ॲप्स त्यावर चालत होती त्यांची धावपळ झाली. मॅपझेन तर मला फार जवळचं होतं. सॅमसंगच्या पैशावर चालणारी ती कंपनी, माणसं हुशार, कोड सगळा खुला. २०१८ च्या सुरुवातीला त्यांनी बंद होत असल्याचं सांगितलं आणि महिन्याभरात सेवा थांबल्या. कोड खुला होता म्हणून मार्ग काढणारं वाल्हाला आणि पत्ते शोधणारं पेलियस ही त्यांची साधनं आजही आपण वापरतो, पण सेवा गेली ती गेलीच. मॅप्स डॉट मी हे ऑफलाइन नकाशाचं ॲप २०१४ मध्ये मेल डॉट आरयूने विकत घेऊन फुकट केलं, २०२० मध्ये दुसऱ्याला विकलं, आणि नवीन मालकांनी त्याला वेगळ्याच दिशेला नेलं. मग ज्यांनी ते मुळात बांधलं त्यांनीच खुल्या कोडवरून २०२१ मध्ये ऑरगॅनिक मॅप्स सुरू केलं.

या तिन्ही ठिकाणी खर्च एक मोठा मालक उचलत होता आणि वापरणारा काहीच देत नव्हता. मालकाचं मन बदललं की वापरणाऱ्याच्या हातात काही राहिलं नाही. उलट जे टिकले त्यांचं बघा. जर्मनीतली जिओफॅब्रिक २००७ पासून आहे. तुम्ही भारताच्या पश्चिम विभागाचा डेटा जिथून फुकट उतरवता तीच ही कंपनी. तिचं पोट भरतं सल्ल्याच्या आणि सर्व्हर चालवून देण्याच्या कामावर. ऑसमँड हे नकाशाचं ॲप पैसे घेतं: मोफत आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे, पुढे पैसे भरा. कोमूटने सायकलवाल्यांना आणि डोंगर चढणाऱ्यांना एक प्रदेश फुकट दिला आणि बाकीचे विकले, त्यावर दीड दशक कंपनी चालवली. २०२५ मध्ये तीही विकली गेली आणि मोठी कर्मचारीकपात झाली, ही गोष्ट वेगळी. पण तोवर ती ग्राहकांच्या पैशावर उभी होती.

आता खर्चाकडे येऊ. इथे तुम्हाला सगळ्यात लवकर सुटका मिळेल.

तुम्ही लिहिलंय की टाइल्स आणि शोध दोन्ही एका परदेशी कंपनीच्या सशुल्क एपीआयवर आहेत, म्हणजे ॲप दर वेळी त्या कंपनीच्या सर्व्हरकडे विनंती पाठवतं आणि ती त्याचे पैसे लावते. जिल्ह्याच्या ॲपला त्याची गरजच नाही. आपला जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा, बारा तालुक्यांचा. जिओफॅब्रिकवरून पश्चिम विभागाची फाइल घ्या, ऑस्मियम या साधनाने त्यातून जिल्हा कापा, प्लॅनेटायलर या दुसऱ्या साधनाने त्याची पीएमटाइल्स फाइल करा, म्हणजे सगळ्या टाइल्स एकाच फाइलमध्ये येतात. सगळा जिल्हा मोजक्या एमबीत बसतो. ती एक फाइल साध्या क्लाउड स्टोरेजवर ठेवली की झालं, टाइल सर्व्हर लागतच नाही. फोन त्या फाइलचा हवा तेवढा तुकडा मागून घेतो. त्याहून चांगलं म्हणजे ती फाइल ॲपमध्येच द्या. पुरात टॉवर बंद पडतात, तेव्हा फोनमध्ये असलेला नकाशाच कामाला येतो.

आणि ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या स्वतःच्या सर्व्हरवर ॲप टाकू नका. डेटा फुकट आहे याचा अर्थ त्यांचा सर्व्हर फुकट आहे असा होत नाही. तो सभासदांच्या आणि देणगीदारांच्या पैशावर, मुख्यतः नकाशा भरणाऱ्यांसाठी चालतो. त्यांच्या नॉमिनॅटिम शोधाचा नियम स्पष्ट आहे: सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती नाही, आणि अक्षरागणिक सुचवण्या त्यावर चालवायच्या नाहीत.

हा अक्षराचा मुद्दा जरा नीट बघा, कारण तुमचं निम्मं बिल इथून येत असणार. कुणी शोधात ‘रंकाळा’ टाइप करतो. र, अनुस्वार, क, काना, ळ, काना. सहा कळा दाबल्या, आणि प्रत्येक कळेला ॲप एक विनंती पाठवतं. एका माणसाने एक जागा शोधली की सहा विनंत्या, आणि त्यांचे पैसे कंपनी लावते. शिवाय जे मिळतं ते बरोबर असतंच असं नाही. राजारामपुरीतली ‘८ वी गल्ली’ कुणी ‘आठवी गल्ली’ लिहितो, कुणी इंग्रजीत ‘एट्थ लेन’. ताराराणी चौक म्हटलं तर जुन्या माणसाला दोन क्षण थांबावं लागतं, तो कावळा नाकाच म्हणतो. पेठांमध्ये तर पत्ता तालमीवरून सांगतात. हे जगाचा नकाशा विकणाऱ्या कंपनीला कळणार नाही आणि ती त्यासाठी माणूस ठेवणारही नाही.

तेव्हा शोध फोनमध्येच आणा. जिल्ह्यातली सगळी नावं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये बसतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नाव, जुनं नाव, पर्यायी नाव यांना वेगवेगळे टॅग आहेत. ते भरा, त्यावरून शोधाची यादी बनवा. ही नावं परत ओपनस्ट्रीटमॅपमध्येच घाला, स्वतःकडे दाबून ठेवू नका. पण ती आपल्या माहितीतून, फिरून, विचारून घाला. गूगल मॅपवरून बघून एक नावही उचलू नका, परवान्याच्या दृष्टीने ते चालत नाही. आणि नकाशावर मराठी नावं नीट दिसतायत का ते स्वतः डोळ्यांनी तपासा. नकाशा स्क्रीनवर दाखवणाऱ्या मॅपलिब्रे या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं बराच काळ फुटून दिसायची. ‘महालक्ष्मी’मधला क्ष तुटलेला दिसला की आपला माणूस ॲप बंद करतो, आणि त्याचं बरोबर आहे.

हे दोन बदल केले की उरतो तो मार्ग काढणारा सर्व्हर. एका जिल्ह्याचं ग्राफहॉपर किंवा वाल्हाला भाड्याच्या लहानशा सर्व्हरवर (व्हीपीएस) चालतं. तिघांच्या पगारावर ताण येणार नाही एवढाच खर्च राहील. हे झाल्याशिवाय कुणाकडे पैसे मागायला जाऊ नका. खर्च कमी असलेला माणूस नाही म्हणू शकतो, आणि या धंद्यात नाही म्हणता येणं फार महत्त्वाचं आहे.

एक सावधगिरी. गूगलपेक्षा स्वस्त, हा मुद्दा पुढे करून काहीही विकू नका. २०१८ मध्ये गूगलने नकाशांचे दर वाढवले तेव्हा जगभरातले लोक ओपनस्ट्रीटमॅपकडे वळले. मग २०२४ च्या जुलैमध्ये ओलाने आपण गूगल सोडून स्वतःचे नकाशे वापरत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात गूगलने भारतासाठीचे दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले. १ ऑगस्टपासून ते लागूही झाले. ज्यांचा सगळा धंदा स्वस्ताईवर होता त्यांच्या पायाखालची जमीन गेली. तुमच्याकडे असं काम आहे की ज्यात गूगल दर कितीही उतरवो, फरक पडत नाही. ते काम पुराचं.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै इथल्या प्रत्येकाच्या लक्षात आहे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पण महामार्ग बंद पडला की सगळ्या वाहिन्या सांगतात. तुमच्या ॲपची गरज त्याच्या कितीतरी आधी लागते, पाणी इशारा पातळीच्याही खाली असताना. आपल्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, आणि बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढल्यावरही त्यांच्यावरून गावांची ये-जा चालते. जोराचा पाऊस झाला की एकेक बंधारा पाण्याखाली जातो. प्रशासन बुडालेल्या बंधाऱ्यांची यादी काढतं, ती व्हॉट्सॲपवर फिरते. पण ती असते यादी. चिखलीहून निघालेल्या ड्रायव्हरला त्यावरून हे कळत नाही की आता कुठून वळसा घालायचा आणि तो वळसा पुढे तरी मोकळा आहे का. यादी आणि रस्त्यांचं जाळं एकत्र आणून हे उत्तर देणं हे तुमचं काम, आणि ओपनस्ट्रीटमॅपमुळेच ते शक्य आहे. गूगलच्या रस्त्यांचं जाळं तुम्हाला असं हाताळायला मिळत नाही.

याचे पैसे कोण देईल? ज्याचं दूध नासतं तो. गावोगावच्या दूध संस्थांमधून सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या गाड्या फिरतात. गाडी पाण्याच्या कडेला येऊन परत फिरली तर डिझेल जातं ते जातंच, त्या फेरीचं दूधही जातं. हिशोब असा मांडा. समजा गाडी दहा किलोमीटर जाऊन रिकामी परत आली. वीस किलोमीटर, म्हणजे लहान टेम्पोला साधारण दोन लिटर डिझेल, दोनशे रुपयांच्या आसपास. हे फक्त इंधन झालं. दुधाची किंमत त्यात धरलीच नाही. वाहतूक ठेकेदाराला एका हंगामात अशा फेऱ्या किती वाया जातात ते विचारा. तो आकडा त्याला तोंडपाठ असतो. तुमचा दर त्या नुकसानीच्या बऱ्याच खाली ठेवा, आणि तो हंगामाचा ठेवा: जून ते ऑक्टोबर, गाडीमागे ठरावीक रक्कम, आगाऊ. महिन्याचा दर लावलात तर पाऊस थांबला की ग्राहकही थांबतो.

दूध झालं, पण तिथेच थांबू नका. औषधाचे घाऊक विक्रेते, गॅस सिलिंडरच्या एजन्सी, खासगी रुग्णवाहिका, शिरोली आणि कागलच्या एमआयडीसीत कामगार आणणाऱ्या बस, या सगळ्यांना पावसात रस्ता माहीत असायला हवा. या प्रत्येकाला नकाशाही नको असतो. ठेकेदाराला पहाटे एक मेसेज पुरतो: तुमच्या अमुक मार्गावर अमुक बंधारा बंद, अमुक गावावरून जा. नकाशा त्या मेसेजच्या मागे राहतो.

त्यासाठी माहिती खरी आणि ताजी हवी, आणि खर्चाची मुख्य बाब हीच आहे, सर्व्हर नव्हे. गावात पोलीस पाटील, दूध संस्थेचा सचिव, बंधाऱ्याकडेचा हॉटेलवाला यांना पाणी आधी कळतं. त्यांच्याशी बोलत राहणारा, खात्री करून माहिती भरणारा एक पगारी माणूस पावसाळाभर ठेवा. संस्थांकडून येणारा पहिला पैसा त्याच्या पगाराला द्या. चुकीच्या माहितीवरून एक गाडी पाण्यात गेली तर पुढे कुणी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात जीव जाऊ शकतो. जिथे खात्री नाही तिथे ‘माहिती नाही’ असंच लिहा आणि शेवटचं कधी तपासलं त्याची वेळ दाखवा.

परवान्याबद्दल तुम्ही धास्तावलेले दिसता. ओपनस्ट्रीटमॅप २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या डेटाच्या परवान्याखाली आहे. तो व्यापार करायला मनाई करत नाही. श्रेय द्या, आणि त्यांच्या डेटात भर घालून किंवा बदल करून तो लोकांसमोर वापरात आणलात तर तो बदललेला डेटा त्याच परवान्याखाली खुला ठेवा, एवढं मागतो. रस्त्यांची नावं, नव्या पायवाटा, दुरुस्त केलेले थांबे हे तसेच खुले जातील, जाऊ द्या. पण कुठला बंधारा आज सकाळी बुडाला ही रोज बदलणारी नोंद, ग्राहकांचे मार्ग, मेसेज पाठवण्याची व्यवस्था हे सगळं स्वतंत्र ठेवा, मूळ डेटात मिसळू नका. तुमची किंमत त्या रोजच्या कामात आहे. कालची पूरमाहिती कुणी उचलून नेली तरी त्याला आज काही उपयोग नाही.

पायवाटांचं वेगळं. तिथे सामान्य माणूसही पैसे देतो, कारण तो घाबरलेला असतो: धुकं, पाऊस, रेंज नाही. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला राज्यभरातून माणसं येतात. त्यांना पाणी कुठे मिळेल, मुक्काम कुठे, ओढा वाढला तर बाहेर पडायची वाट कुठली, हे सगळं ऑफलाइन, मराठीत, एकदाच पैसे घेऊन द्या. वर्षाची वर्गणी लावू नका, तो माणूस वर्षातून एकदा येतो. प्ले स्टोअरवरून विकताना त्यांचा वाटा आधी वजा धरा. छोट्या विकासकांसाठी तो २०२१ मध्ये ३० वरून १५ टक्क्यांवर आला. पदभ्रमंती आयोजकांना गटाची किंमत लावून थेट विकलंत तर यूपीआयवर पैसे येतात, आणि बँक खात्यातून आलेल्या अशा पैशावर २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही.

केएमटीच्या थांब्यांवर पैसे मिळवण्याचा विचार सोडून द्या. ते लोकांचं काम आहे, फुकट ठेवा. त्यामुळे ॲप वर्षभर फोनमध्ये राहतं.

देणग्यांचं म्हणाल तर मागा, पण गणेश मंडळ वर्गणी मागतं तशी मागा. मंडळाचा पोरगा दारात येतो, पावती फाडतो, आणि विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लागतो. म्हणून पुढच्या वर्षीही लोक देतात. ऑरगॅनिक मॅप्स मुख्यतः देणग्यांवर चाललं, आणि तरी २०२५ मध्ये कारभाराच्या आणि पैशाच्या पारदर्शकतेवरून त्यांच्याच सहकाऱ्यांनी वेगळं होऊन कोमॅप्स काढलं. तुम्ही पहिल्या रुपयापासून हिशोब ॲपमध्येच दाखवा. पण वर्गणीवर पगार ठरवू नका. पूर आला की देणगी येते, आणि कोरड्या वर्षी विसरतात.

जाहिराती नकोत. पाण्याच्या कडेला उभ्या माणसाच्या स्क्रीनवर दुकानाची पट्टी येता कामा नये. फार तर दिवाळी अंकात असतो तसा ‘शुभेच्छुक’ म्हणून एखाद्या स्थानिक व्यावसायिकाचं नाव माहितीच्या पानावर द्या. शोधाच्या निकालात पैसे घेऊन कुणाला वर आणू नका.

सरकारी पैसा येतो, पण उशिरा येतो. जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांतून अशी कामं होऊ शकतात. अर्ज करा, पण तो पैसा पुढच्या वर्षीच्या कामासाठी धरा, चालू महिन्याच्या बिलासाठी नव्हे. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, मार्ग आपल्याकडे मला जास्त जवळचा वाटतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात आणि आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत आहे. फक्त तो पैसा तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडला मिळणार नाही. त्यासाठी कलम ८ ची ना-नफा कंपनी, ट्रस्ट अशी एखादी संस्था हवी, आणि तिची सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. पूरमाहिती अशा संस्थेकडे ठेवा आणि पायवाटांची विक्री, ठेकेदारांची सेवा कंपनीकडे. दोन्हींचे व्यवहार पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, त्यासाठी चांगला सीए गाठा. आणि तुम्ही बनवलेलं एखादं साधन, समजा मराठी नावांचा ऑफलाइन शोध, वेगळं खुलं केलंत आणि इतरांनी ते वापरायला घेतलं, तर झेरोधाच्या फ्लॉस फंडासारख्या ठिकाणी अर्ज करता येईल. २०२४ पासून तो फंड खुल्या सॉफ्टवेअरला दरवर्षी दहा लाख डॉलरपर्यंत देतो. तो साधनांना देतो, एका जिल्ह्याच्या ॲपला देईल असं धरू नका.

राहिले पुण्याचे गुंतवणूकदार. जा, भेटा, चहा घ्या. ते दोन गोष्टी विचारतील: हे दुसरा कुणी का करू शकणार नाही, आणि दहा शहरांत कधी जाणार. पहिल्याचं उत्तर खरं द्या, की नकाशा कुणालाही घेता येतो, पण चिखली-आंबेवाडीपासून कुरुंदवाडपर्यंतची माणसं आणि त्यांचे फोन नंबर आमच्याकडे आहेत. दुसऱ्यावर घाईने हो म्हणू नका. सांगलीला जाता येईल, तिथे कृष्णा आहे आणि प्रश्न तोच आहे. नागपूरला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून माणसं जोडावी लागतील. गुंतवणूकदारांचा पैसा घेतल्यावर कोल्हापूरची पूरमाहिती फुकट राहील हे करारात लिहून द्यायला ते तयार असतील तर पुढचं बोला. त्याआधी मात्र या आठवड्यात एक करा. दोन दूध वाहतूक ठेकेदारांकडे जाऊन मागच्या पावसाळ्यात वाया गेलेल्या फेऱ्यांचा आकडा घ्या, आणि पुण्याला जाताना तो बरोबर न्या.